पासून

तांबट आळीत, पितळी भांड्यांच्या गोदामावर
माझा इंग्रजीचा वर्ग.
खालची हातोडी थांबली की समजायचं साडेसात झाले.
आठ खुर्च्या, चार माणसं,
आणि फळ्यावर आज दोनच शब्द:
सिन्स. फॉर.

म्हटलं, आपल्याकडे एकटा 'पासून' दोघांचं काम ओढतो.
सोमवारपासून ताप आहे.
तीन दिवसांपासून ताप आहे.
ताप तोच, पासून तोच.
इंग्रजीला मात्र वेगळा हिशेब लागतो.
खुंटी कुठे ठोकली ते सांगायचं तर सिन्स,
दोर किती लांब ते सांगायचं तर फॉर.

नोटप्रेसमधून रिटायर झालेले खरोटेकाका लगेच म्हणाले,
"सिन्स म्हणजे जॉइनिंग डेट. फॉर म्हणजे सर्व्हिस."
मी खडू खाली ठेवला.
एवढं सोपं मला नऊ वर्षांत सुचलं नव्हतं.

मग वाक्यं.
दिलशाद सिस्टरची नाइट ड्यूटी, फॉर सिक्स मंथ्स.
सातपूरच्या मयुरेशचं मशीन बंद, सिन्स मंडे.

बेबीताई गांगुर्डे ओझरच्या पॅकहाउसात द्राक्षं निवडतात.
हॉलंडचा साहेब तपासणीला येतो, काहीबाही विचारतो,
त्याला उत्तर देता यावं म्हणून शिकतात.
बोटांवर कात्रीचे वळ. उठल्या.
"आय ॲम नॉट टॉकिंग माय सिस्टर
सिन्स सिंहस्थ."

क्रियापद चुकलं होतं, मध्ये टू हवा होता.
मी तोंड उघडलं आणि मिटलं,
कारण सिन्स बरोबर होता. खुंटी पक्की होती:
तपोवनात दोघींचं भागीतलं चहाचं खोपटं,
संध्याकाळी गल्ल्यात नऊशे कमी,
आणि एकीनं दुसरीकडे नुसतं पाहिलं.

"आता हेच फॉरनं करा,"
माझ्यातला मास्तर बोलून गेला.

त्या बोटं मोजू लागल्या.
खिडकीबाहेर पुढच्या सिंहस्थासाठी
रस्ता उकरून ठेवलेला.
फॉर टेन... फॉर इलेव्हन...
खाली बसल्या.
"सर, फॉरनं फार होतं हो."

मंगळवारी त्या आल्या नाहीत.
गुरुवारी आल्या, दोन खोकी घेऊन.
एक वर्गाला: एक्स्पोर्टमधून बाद झालेले सुटे मणी,
गोड, पण मापात न बसणारे.
दुसरं मांडीवरच, चिकटपट्टी लावलेलं,
वर बॉलपेननं, इंग्रजी अक्षरांत
फॉर सिंधू.

"सर, ह्या फॉरच्या पुढं किती वर्षं लिहायची?"

"हा फॉर वेगळा," मी म्हणालो.
"ह्याच्यापुढे आकडा येत नाही."

खरोटेकाकांनी तेवढं वहीत उतरवून घेतलं
आणि खाली रेघ मारली.
बेबीताईंना देवळाली गावची शेवटची बस गाठायची होती,
त्या लवकर निघाल्या.
जिन्यावर खोकं दोनदा भिंतीला घासल्याचा आवाज आला.
फळा मी त्या रात्री पुसला नाही.