करकर नाही, खरखर

देवास नाका, सकाळचे सव्वानऊ,
पोह्यांची पुडी हातात अजून गरम,
आणि बोंदरसिंग गाडी आत घेऊन, उतरायच्या आधीच,
फणसे भाऊ, घर्र करे.

घर्र म्हणजे काय?
घरघर की गुरगुर?
करकर की खरखर?
कुणी दात खाल्ल्यासारखं, की जात्यात खडा गेल्यासारखं?
तो माझ्याकडे बघतो, जसा काही मी त्याला
व्याकरण विचारतोय.
मग तोंडानेच काढून दाखवतो,
ओठ दाबून, मान हलवत.
पाना पुसता पुसता शाकिर हसतो.
मी हसत नाही.
त्या थुंकी उडालेल्या आवाजात
अठरा टन लसूण आहे,
मानपूरचा घाट उतरून धुळ्याकडे निघालेला.

चढावर येतो?
चढावर कमी.
उतारावर, पाय काढल्यावर?
तेव्हा जास्त.
चालत्या गाडीत क्लच दाबून पाहिलास?
दाबला. तरी चालूच.
आणि उभ्या गाडीत?
उभी असली की बाई गप्प.

म्हणजे इंजिन नाही. क्लच नाही.
पण धामनोदच्या कुणा शहाण्याने आधीच
गिअरबॉक्स उतरवून, उघडून, परत चढवून
अकरा हजार घेतलेत.
आवाज पायाखालून येतो ना, म्हणून.
लोखंडाचं असंच,
दुखतं एकीकडे, कण्हतं भलतीकडे.
बिल आहे म्हणे, आणि खिशातून घडी उलगडतो.
त्यावर लिहिलंय : आवाज काम.

मागली चाकं उचलली, घोड्या लावल्या.
शाकिरने टॉप टाकला.
मी खाली, पाठीशी पोतं,
दीड हात लांब पेचकस,
मूठ दातात.
कानाला नाही लावत आता.
शाकिरखेरीज हे कुणाला ठाऊक नाही,
बारीक आवाज मला सोडून गेलेत.
सुनेच्या बांगड्या, कुकरची शिट्टी, फोन,
मागल्या दिवाळीपासून एकेक.
पस्तीस वर्षं पत्रा ठोकल्यावर दुसरं काय व्हायचं.
पण दात माझे आहेत अजून,
आणि दातांतून कवटीत जे चढतं
ते कानाची परवानगी घेत नाही.

गिअरबॉक्सवर टेकवला : तेलकट गुणगुण, ठीक.
डिफरन्शिअलवर : म्हाताऱ्याचं घोरणं, पण निरोगी.
मधल्या ब्रॅकेटवर : काहीच नाही.
पुन्हा गिअरबॉक्स.
पुन्हा मागे.
पुन्हा मध्ये, आणि तिथली शांतता
जरा जास्तच शांत.
रबर आहे ना मध्ये. रबर चहाडी करत नाही.

बंद कर, मी ओरडलो.
चाकं फिरत फिरत थांबली.
गिअर काढायला लावला, शाफ्ट हाताने फिरवला,
सावकाश,
दुसरा तळहात मधल्या बेअरिंगवर,
लेकराच्या पोटावर ठेवतात तसा.
पाव फेरा.
अर्धा.
इथे.
लसणी शेवेत वाळूचा कण लागावा तसं
बोटांना लागलं.

उघडलं तर रबर चिरलेलं,
ग्रीस जळून काजळी,
गोळ्यांना देवी आल्यासारखे खड्डे.
अडीच हजारांचं सामान, सहाशे मजुरी.
बोंदरसिंग ते बेअरिंग तळव्यावर घेऊन
बराच वेळ उभा.
एवढंसं, म्हणाला.
मग धामनोदवाल्याच्या मातोश्रींबद्दल
माळवीत पुष्कळ बोलला.

चारला बायपास, राऊकडे.
उतारावर त्याने पाय काढला.
मी खिडकीच्या लोखंडाला हनुवटी टेकवली.
काही नाही.
मागच्या बाकावरच्या शाकिरकडे पाहिलं,
त्यानेही मान हलवली, नाही.
मग एक बोट वर केलं.
थांबा, काहीतरी बारीक वाजतंय मागून.
फाळक्याची साखळी असेल.
असेल, म्हणालो.

बोंदरसिंगने गाणं लावलं, मोठ्याने.
ढोलक मला नीट ऐकू आली.
गाणारी बाई नाही.