पुढचा आकडा

महापे, रात्रीचे पावणेतीन.
टेबल मागच्या शुक्रवारीच उडवलं,
तुर्भ्याच्या कांदा-बटाटा गाळ्यांतल्या
वजनपावत्यांचं.
त्याला आकडे पुरवणारा सिक्वेन्स मात्र
राहून गेला.

विचारलं तर अजून सांगतो:
पुढचा, चार लाख सात हजार बारा.
कुणासाठी, ते त्याला
कधीच माहीत नव्हतं.

असे एकोणचाळीस.
हेमांगी यादी वाचते, मी एकेक पुसतो.
तिचा काका तिथलाच मापाडी;
काटा सुटला तरी
जेवताना घास मोजायचा म्हणे, मोठ्यानं.

अडतिसाव्याशी ती म्हणते, थांब,
याच्यावर अजून कुणीतरी टेकलंय.
कोण, ते यादीत नाही.

चहा गार.
उगाच एक आकडा मागून बघतो.
देतो लगेच.

आता तो परत करता येत नाही.