पायपुसणं

दुकान नवं आहे, टिळकवाडीत, पहिल्या रेल्वे गेटाच्या अलीकडं.
काचेचं दार आपोआप उघडतं.
माणूस आला की उघडतं, वारा आला तरी,
अन् कुत्रं आलं तरी.
दाराला कुणी काही शिकवलेलं नाही.

मी भारता हुंदरे, दोन नंबरचं काउंटर.

सुभेदार मुतगेकर दर गुरुवारी येतात.
अर्धा किलो रवा, दाढीचा साबण, कुंद्याचा डबा
(साखर आहे, खरं खातात),
अन् सोबत हुली.
मुधोळची कुत्री. उंच, बरगड्या मोजून घ्याव्यात अशी.
जन्म तिकडचा, म्हणून तिला कानडीच कळते.
सुभेदार जगाशी मराठी बोलतात,
हुलीशी मात्र बा, कूतको, बेडा.
बायको गेल्यापासून घरात कानडीच जास्त होते, म्हणतात.

तर हिला आत घ्यावं काय?

शमशादभाभी म्हणाल्या, तांदूळ उघडा ठेवलाय,
अन् हिचं नाक बरोब्बर त्या उंचीला.
डिसोझा टीचर म्हणाल्या, चॉकलेट चाटून परत ठेवणाऱ्या
पोरापेक्षा ही बरी की.
मला कुणी विचारलं नाही.
माझ्या पोटरीवर अनगोळचं एक कुत्रं आहे,
सातवीतलं, चार दातांचं.
पाच इंजेक्शनं, अन् बाबांचे पाच खाडे.
विचारलं असतं तर बाहेर म्हणाले असते,
भाभींच्याही आधी.

हुक्केरी मॅनेजर म्हणाले, नोटीस लावू.
कानडी वर, मोठ्या अक्षरात. तसा नियमच आहे.
मग मराठी कुठं? खाली? केवढी?
गोदामातला बसू म्हणाला,
मराठी नाही लिवलं तर मराठी कुत्री आत शिरतील बगा.
कुणी हसलं, कुणी नाही.
आमच्याकडं पाटीवर हसायचं
तर आधी आजूबाजूला बघून घेतात.
कागद दोन गुरुवार ड्रॉवरमध्ये राहिला,
हुली दोन्ही गुरुवार आत.

तिसऱ्या गुरुवारी हुक्केरींनी तोंडीच सांगितलं.
सुभेदार नुसतं बरं म्हणाले.
साखळी ट्रॉल्यांच्या रांगेला बांधली,
कूतको म्हणाले, आत आले.
साबणाचा वास घेऊन बघत होते,
तेवढ्यात मांजर.

अकरा ट्रॉल्या,
एकीच्या पोटात एक घुसलेल्या,
खडखडत निघाल्या गेटाच्या उतारानं,
पुढं इंजिन हुलीचं.
रिक्षा बाजूला, भाजीची बुट्टी बाजूला,
शाळेची पोरं टाळ्या वाजवतायत,
गेट पडलेलं, मिरजेकडची गाडी शिट्टी देतेय.
सुभेदार पळाले, गुडघ्यासकट.
मी का पळाले?
गल्ला उघडा टाकून, एक चप्पल दारातच.
माझी कानडी सुट्टे पैसे मागण्यापुरती.
त्यातली होती नव्हती ती सगळी ओरडले.
बा! हुली, बा!

थांबली.
मागच्या ट्रॉल्या येऊन तिच्या पायांवर आदळल्या,
केकाटली, तरी थांबली.
गाडी गेली. बराच वेळ गेली.
मग तिनं माझी पोटरी हुंगली, डावी,
चार दातांवर नाक टेकवून.
मला घाम फुटला. बाकी काही झालं नाही.

माझा अर्ध्या दिवसाचा पगार कापला.
वाकलेल्या चाकाचे पैसे सुभेदारांनी दिले,
रव्याचे द्यायचे राहिले, ते मी भरले.
नोटीस अजून ड्रॉवरमध्येच आहे,
तिच्यावर बसूनं हिशेब केलाय कसला तरी.

आता गुरुवारी हुली पायपुसण्यावर बसते.
पायपुसणं आत धरायचं की बाहेर,
यावर हुक्केरी अन् भाभी अजून भांडतात.
भाभी तांदूळ पाकिटातला घेतात हल्ली.
मी भितेच. बिल मारताना
एक डोळा तिकडं ठेवावा लागतो.
अन् दार
तिला बघून उघडतं, मिटायला जातं,
परत उघडतं.
एसीचा सगळा गारवा रस्त्यावर चाललाय,
हुक्केरी कानडीत म्हणतात.
हुली तेवढी मान वर करून ऐकते.