केरबाकडच्या किल्ल्या

आमच्या आळीतल्या सव्वीस घरांच्या किल्ल्या
केरबाच्या करदोड्याला.
चालला की बैल आल्यागत वाजतं.

मालकांची नावं तो घेत नाही.
ही त्रिचूर, ही सिलिगुडी,
ही लांब दांड्याची मदुराई, हिचं कुलूप
तेल पाजल्याशिवाय बोलत नाही.
अमावास्येला दारं उघडतो, वारा आत सोडतो,
हार घातलेल्या फोटोंना विचारतो,
"काय, बरं हाय न्हवं?"

यंदा जत्रेच्या चार दिवस आधीच
मी विट्याच्या स्टँडवर उतरलो.
पोरगी तमिळमध्ये पाणी मागत होती.

घरात केरबा झाडत होता.
वर्षाची माती, पाकोळ्यांची पिसं,
जात्याच्या खाचेतले चार गहू,
बांगडीची एक काच,
सगळं सुपात भरून निघाला उकिरड्याकडं.

"थांब!" मी ओरडलो.
हात आपोआप पुढं.
बावीस वर्षं सोनारांच्या दारची धूळ
मी पैसे मोजून घेतलीय,
धुतलीय, मुशीत घातलीय,
तेजाबाच्या वाफेत डोळे बारीक करून
वाट बघितलीय
मोहरीएवढ्या पिवळ्या थेंबाची.

केरबा हसला.
"मलाबी टाकलं हुतं की उकिरड्यावर,
जगावं म्हणून. आत्तीनं उचललं लगीच."

सूप त्यानं खाली ठेवलं.
पोरगी आली, काच उचलून उन्हात धरली.
हिरवी.
"कुणाची?" तिनं विचारलं, मराठीत.

मला सांगता येईना.
केरबा किल्ल्या सावरत
उंबऱ्यावर मांडी घालून बसला.