चल

आठवीच्या बीजगणितात बाई म्हणाल्या,
बदलतं ते चल, बदलत नाही ते अचल.
मागच्या बाकावरून कुणीतरी म्हणालं, "चल मग."
हसले मी, आणि तास संपेपर्यंत बाहेर उभी राहिले.

आता माझ्या पडद्यावर एकोणीस चल आहेत,
प्रत्येकाला एक दांडी, दांडीवर एक मणी.
मणी सरकवला की आनंदवल्लीतली अभ्यासिका
अंग चोरते, मान वळवते, उंच होते.
उन्हाचा मणी: एप्रिलमधली साडेचारची तिरीप
वहीपर्यंत येऊ द्यायची, की वहीच्या कडेपर्यंतच.
वाऱ्याचा. मग खिडक्यांवरच्या पट्ट्यांचा,
दोनशे चौदा पट्ट्या, एकही दुसरीसारखी नाही.
उंबराला मणी नाही. उंबर अचल.
त्याला मी कुलूप लावून ठेवलंय.

आणि सगळ्यात खाली गोदावरी.
तिथे खरं तर मीटर टाकायचे,
समुद्रसपाटीपासून, दोन दशांश स्थळांपर्यंत.
टाकले. पण दांडीला नाव दिलं मारुती,
कारण नाशकात पाणी मीटरने चढत नाही,
दुतोंड्याच्या अंगाने चढतं.
घोटा. गुडघा. कंबर.
कंबर म्हटलं की भांडीबाजारात माल माळ्यावर जातो.
छाती म्हटलं की आईचा फोन येतो, कुठे आहेस.
मी मणी सरकवते आणि खांब पाय वर घेतात,
ओचे खोचून ओढा ओलांडणाऱ्या बाईसारखे.
रॅम्प लांबतो, कारण चाकाच्या खुर्चीला एकास बाराचाच उतार,
लांबला की उंबराला वळसा घालतो,
वळसा घातला की छत मागे रेलतं.
हे सगळं एका बोटाने. दुसऱ्या हातात चिवडा.

रात्रभर मशीनला सांगितलं, तूच करून बघ.
सकाळी दोन हजार तीनशे बारा इमारती,
सगळ्या बरोबर.
एवढ्या बरोबर उत्तरांत
मला एकही आवडेना.

निंबाभाऊ अहिरे सटाण्याकडचे, सेंटरिंगचं काम करतात.
लॅपटॉप सिमेंटच्या गोणीवर ठेवला.
"हलवून बघू?" त्यांनी बोट पँटला पुसलं.
इमारत उठली. बसली. परत उठली.
"नवं करडू उठतं तशी उठते ही."
मग मारुतीचा मणी गळ्यापर्यंत नेला, तरी ओढत राहिले.
"पुढे जात नाही?"
नाही, म्हटलं, ती कमाल किंमत.
"कोणी ठरवली?"
मी एका तक्त्यातून घेतली होती,
पूर्णांकात करून.

"माझी सासू घारपुरे घाटाशी राहायची, बाई.
तिनं मारुती दिसेनासा झालेला बघितलाय.
पाणी उतरलं तेव्हा शेंदरावर गाळ,
आणि खांद्याशी अडकलेली एक पितळी कळशी."
कुणाची, मी विचारलं.
"ते नाही कधी सांगितलं."

त्या रात्री कमाल किंमत पुसली, डोक्याच्या वरची टाकली.
दोन जोडण्या लाल झाल्या.
रॅम्प कुंपण ओलांडून रस्त्यावर गेला,
छत उंबराच्या फांदीत घुसलं,
खर्चाचा आकडा विश्वस्तांपुढे उच्चारता येणार नाही असा.
पहिल्यांदाच एक इमारत चुकली होती
आणि मी तिच्याकडे बघत बसले होते.

मग तळमजला काढूनच टाकला. नदीला दिला.
खांबांमध्ये नुसत्या पायऱ्या,
पाणी नसेल तेव्हा पोरांना डबा खायला,
असेल तेव्हा त्याला.
रॅम्प आता उंबराभोवती दोनदा फिरतो.
पट्ट्या एकशे अठ्ठ्याण्णव, त्यातल्या नव्वद सारख्या,
निंबाभाऊंचा फर्मा पुन्हा पुन्हा वापरता यावा म्हणून.

एवढं करून एक गोष्ट कुठेच बसेना.
विसावी दांडी केली, नाव दिलं कळशी.
कशालाच जोडलेली नाही.
मणी सरकवला तरी काही हलत नाही.
सकाळी फाइल पाठवण्याआधी
ती पुसायला हवी.