दंडाची पावती

सिनेमा आमच्या चिआतुरात सगळ्यात शेवटी आला.
राजधानीत लागला, उतरला, परदेशात कुठलंसं बक्षीस घेतलं,
मग खाणकामगारांच्या हॉलमध्ये. तीन लारी तिकीट,
खुर्ची पुसायला फडकं ज्याचं त्यानं आणायचं.

मी तिसऱ्या रांगेत. शेजारी बद्री, मुठीत सूर्यफुलाच्या बिया.
बावीस वर्षं मी दरीवरच्या पाळण्याचं बटण दाबते.
त्या डब्याला इथे लोखंडी शवपेटी म्हणतात,
प्रेमानंच म्हणतात.

पडद्यावर पोरगा आला. तेरा वर्षांचा, कान पुढे आलेले,
गळ्यात शिट्टी, काखेत पावतीपुस्तक.
कुणी नेमलं नव्हतं, त्यानंच स्वतःला
गावाचा इन्स्पेक्टर नेमलं.

पहिली पावती बापाला: जेवताना भिंतीशी बोलल्याबद्दल, दोन लारी.
मग पाद्रीबाबांना: देवाला झोपेतून उठवल्याबद्दल.
नदीला: काळी वाहिल्याबद्दल. शेरा: पक्षकार पत्त्यावर सापडत नाही.
मेलेल्या लामाराला: परवानगीशिवाय गाव सोडल्याबद्दल.
ती पावती त्यानं खळ लावून शवपेटीवरच चिकटवली,
आणि तिच्या नवऱ्यानं डोळे पुसले,
चिल्लर मोजली,
अन् दुय्यम प्रत मागितली.

हॉल खदखदून हसला. बद्रीला ठसका लागला.
मीही हसले. का नाही हसायचं?
नुग्जार होताच तसा. माझ्या बहिणीचा.
सिनेमात त्याचं नाव ओतिया ठेवलंय,
बाकी सगळं मीच सांगितलेलं,
दिग्दर्शकाला, दोन दुपारी, एका बाटलीवर.

मग पोरगा त्याच्या डाव्या हाताला दंड करतो.
हात भरत नाही. तो हाताला पलंगाला बांधतो,
तीन दिवस, उपाशी.
हसू पातळ होत गेलं,
पाणी घालून घालून वाढलेल्या ताकासारखं.
मागे कुणीतरी नाक शिंकरलं, फार मोठ्यानं.

आणि शेवटी तो पाळणा. बर्फ. ओतिया आत,
सोबत साक्षीदार म्हणून एक टर्की कोंबडा.
मधोमध वीज जाते, डबा लटकतो,
तो दरीला आरोप वाचून दाखवतो,
आणि प्रत्येक आरोपानंतर कोंबडा बरोबर वेळेवर ओरडतो.
पुन्हा हसू. टाळ्यासुद्धा.

कोंबडा नव्हता.
कोंबडा मी सांगितला नव्हता, तो त्यांनी घातला,
पोरगं एकटं बघवत नाही म्हणून असेल.
आणि वीज गेली, हे मी सांगितलं होतं.

वीज गेली नव्हती.
खाली चौकात माणसं जमली होती, बाजाराचा दिवस,
तो वरून एकेकाचं नाव पुकारत होता,
ज्याचं नाव येई त्याला बाकीचे ढोसत.
कुणीतरी म्हणालं, थांबव गं जरा, मजा येतेय.
मी थांबवला.
चाळीस मिनिटं. हात गारठले म्हणून चहासुद्धा घेतला.

डबा खाली आला तेव्हा तो कुणालाच ओळखत नव्हता,
पण पावत्या मात्र अनुक्रमे लावलेल्या होत्या.

आता कुताइसीच्या इस्पितळात असतो. एकोणतीस वर्षांचा.
केस गेलेत. मी अक्रोडाची मिठाई नेते,
तो दोरा ओढून काढतो आणि अक्रोड मोजतो,
खात नाही.

दिवे लागले. बद्रीनं मांडीवरची टरफलं झाडली.
म्हणाला, काय पोरगं शोधलंय, हुबेहूब!
म्हटलं, कान जरा जास्तच पुढे होते.

पर्समध्ये, रेशनकार्डाच्या आत, एकशे चौदा नंबरची पावती आहे.
त्या दिवशी उतरताना त्यानं माझ्या हातात दिली होती.
नाव: माझं, बापाच्या नावासकट. तारीख. सही, शिक्का बटाट्याचा.
कारणाचा रकाना कोरा.

सकाळी सहाला पहिली फेरी.
बटण गार असतं, आधी फुंकर मारावी लागते.