जोडे

सरकारवाड्यात बाबांकडे जोडे होते.
म्हणजे पायांत नव्हेत, ताब्यात:
सोळा जोड, सागवानी कपाटात,
प्रत्येकाला मलमलीची पिशवी.
घरी आम्ही सात जण, चपला तीन.

तनखे बंद झाले, कपाटाला कुलूप लागलं,
आम्ही फतेगंजात चाळीत आलो.
तरी दसऱ्याला न्यायमंदिरापाशी जाऊन उभे राहायचे,
हत्ती येणार नाही हे ठाऊक असून.
"मान वाकवायला कुणीतरी हवं गं," म्हणायचे,
"नाहीतर ती आखडते."

आई मिशनच्या बोर्डिंगात वाढलेली.
तिचा राजा तिच्याजवळ होता,
गाढवावर बसून आलेला.
बाबांना तेच खटकायचं.
"गाढव? तेही मागून आणलेलं?
आणि काट्यांचा मुकुट, ती तर थट्टाच.
बाई, मी राजा जवळून पाहिलाय.
त्याच्या टाचांना भेगा नसतात."
तरी रविवारी देवळात यायचे
इस्त्रीचा कोट घालून, मागच्या बाकावर
दरबारात बसावं तसे, पाठ न टेकता.
प्रार्थनेत सगळे 'प्रभो' म्हणत,
हे हळूच 'सरकार'.

ते वर्ष निवडणुकीचं. चाळीत उमेदवार आला.
बाया ओवाळत होत्या, पोरं पाया पडत होती.
मीही वाकले.
का, ते अजून सांगता येत नाही.

त्याच आठवड्यात, पवित्र गुरुवारी,
पाळक भांबळ घमेलं घेऊन खाली बसले,
कमरेला पंचा.
बारांतला एक जण तापानं पडलेला,
म्हणून हाक आली: शांतवनराव, या.
बाबांनी पाय बाकाखाली ओढून घेतले.
"नको साहेब. हे काम माझं."
मागे कुणीतरी खोकलं.
पाळक काही बोलले नाहीत, तसेच थांबले गुडघ्यांवर;
त्यांचे गुडघे दुखतात हे सगळ्या मंडळीला माहीत.
शेवटी बाबांनीच उजवा पाय पुढे केला,
कपाटातून दुसऱ्याचा काढून द्यावा तसा,
आणि त्याआधी स्वतःच्या बाहीनं टाच पुसली.

घरी येताना अनवाणी चालले.
खडी, विटांचे तुकडे. मी म्हटलं, बाबा, चपला!
चपला काखेत, रुमालात गुंडाळलेल्या.
"थांब," म्हणाले, "अजून ओले आहेत."

कमाटीबागेच्या फाटकाशी थबकले.
"त्याचे कुणी धुतले होते गं?"
मी सांगायला लागले, एका बाईनं, आसवांनी...
"ते माहितेय मला," म्हणाले.
एक रिक्षा गेली, मग दुसरी.
"खिळे मारताना जोडे काढले असतील ना.
ते कुणी सांभाळले?"